ढोलीवरचा तिसरा पट्टा

माझ्या पोरीनं सहा हजार रुपयांचा घाटा घेतला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लाखनीच्या बसस्टँडसमोरून अर्धा किलो पेढे आणले आणि गावात वाटले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. बायको गेल्यापासून त्यांना तसंही ते वाटतच होतं. मी कुणाला समजावत बसलो नाही. हातावर पेढा ठेवायचा आणि म्हणायचं, "खा. पोरीनं घाटा घेतला. टाइमावर घेतला." एकानं पेढा तोंडात टाकून विचारलं, "नफा झाला असता तं काय वाटलं असतं, काकाजी?" म्हटलं, "काईच नाई. नफा कोणालेही होते."

ती गोष्ट आता सवडीनं लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पाहू नका.

मी जन्मभर धानाचा छोटा व्यापार केला. सायकलच्या मागं काटा बांधायचा, लाखनीच्या आसपासची गावं फिरायची, सकाळी शेतकऱ्याच्या दारात धान तोलायचं आणि संध्याकाळी गिरणीवाल्याच्या दारात टाकायचं. मधले जे चार पैसे हाताला लागत त्यावर घर चाललं. हा झाला रोजचा धंदा. त्यात डोकं लागत नाही, पाय लागतात. डोकं लागायचं ते वर्षातून एकदा. दिवाळीनंतर भारी, म्हणजे उशिरा पिकणारं, धान निघतं, सगळे एकदम विकायला काढतात आणि भाव पडतो. आखाडी, म्हणजे आषाढ, येईतो तो पुन्हा चढतो. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणून आम्हीही आमच्या जिवावर थोडं धान भरून ठेवायचो, आखाडीत विकायला.

प्रश्न एकच असायचा. पडत्या भावात घ्यायचं किती? आज स्वस्त झालं म्हणून घेतलं, आठ दिवसांनी अजून पडलं. मग अजून घ्यायचं का? आणि त्यानंतर अजून पडलं तर?

माझा स्वभाव सांगतो. भाव पडला की माझे हात शिवशिवायचे. पडला? घे. अजून पडला? दुप्पट घे. सरासरी खाली येते, जरासा भाव वर आला की आपण मोकळे. हा हिशेब मला कुणी शिकवला नाही, तो धान घेणाऱ्या प्रत्येकाच्या रक्तातच असतो. मला आवर घातला तो माझ्या बायकोनं आणि तिच्या ढोलीनं.

ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माणसाएवढी उंच कणगी. वरून धान ओतायचं, खाली एक तोंड असतं त्यातून काढायचं. काढायचं नसलं की ते तोंड चिखलानं बुजवून टाकायचं. आमची ढोली मागच्या खोलीत होती, अजून आहे. बायको शाळेत गेली नव्हती. ती दर दिवाळीला ढोली नव्यानं लिंपायची आणि ओल्या चुन्यात बोटं बुडवून तिच्यावर तीन पट्टे ओढायची. एक गुडघ्याएवढा, दुसरा कमरेएवढा, तिसरा गळ्याएवढा. तिच्या गुडघ्याएवढा, माझ्या नव्हे. ती बुटकी होती.

"भाव पडला का पहिल्या पट्ट्यापर्यंत भरा," ती म्हणायची. "अजून पडला तं दुसऱ्यापर्यंत. अजून पडला तं तिसऱ्यापर्यंत. मंग बस."

"अन् त्याच्यावरही पडला तं?"

"तं पडू द्या. गळ्याच्या वर आपल्या खायाचं धान राह्यते. खायाच्या धानात व्यापार नाई शिरत जी."

आणि आखाडीत ढोली रिकामी झालीच पाहिजे, हाही तिचाच कायदा. भाव चांगला असो की वाईट असो. घाटा असला तर घाट्यात विका, पण नवं पीक यायच्या आत ढोली लिंपायला मोकळी पाहिजे.

एका वर्षी आमचं जोरात वाजलं. ढोली तिसऱ्या पट्ट्याला लागली आणि त्यानंतर भाव असा कोसळला की शेतकरी रस्त्यात अडवून धान देऊ लागले. मी म्हटलं, सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, ताडपत्री टाकतो, तिथं थप्पी लावतो. ती दारात उभी राहिली. पोरगी तेव्हा पाळण्यात होती, तिला झोका देता देता बोलली.

"सपरीत नाई."

"अवं, असा भाव पुन्हा दिसनार नाई!"

"भाव पडला म्हनून ढोली मोठी होते का जी?"

मी ताट लाथाडून बाहेर गेलो. त्या वर्षी आखाडीत भाव असा चढला की ज्यांनी सपरीत, कोठ्यात, शाळेच्या व्हरांड्यात धान भरलं होतं त्यांनी पत्र्याची घरं पाडून स्लॅब टाकले. मी वर्षभर तिला ऐकवलं. ती ऐकून घ्यायची आणि भाकरी थापायची. आंधळगावकडचा माझ्या ओळखीचा एक व्यापारी त्या वर्षी मोठा झाला. पुढच्या वर्षी त्यानं त्याच हिमतीवर दुप्पट भरलं, भाव उठलाच नाही, आणि तो दुसऱ्याच्या गिरणीत हमाली करू लागला. हे मी तिला सांगितलं तेव्हाही तिनं भाकरीच थापली. 'मी म्हणत नव्हते' असं म्हणायची तिला सवय नव्हती. मला होती.

शेवटच्या थंडीत तिनं ढोली तिसऱ्या पट्ट्यापर्यंत भरून घेतली आणि खालचं तोंड स्वतःच्या हातानं बुजवलं. पोटाचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं, पण ते आम्हाला माहीत नव्हतं. होळीच्या आत ती गेली. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून आणली ती झाकूनच.

आखाडी आली. भाव बरा होता. तिच्या कायद्यानं ढोली रिकामी करायला पाहिजे होती. मी विळा घेऊन मागच्या खोलीत गेलो, खाली बसलो आणि पाहिलं, तर वाळलेल्या चिखलावर तिची चार बोटं उमटलेली. दाबून दाबून बसवला होता चिखल. मी विळा ठेवून दिला. लोक म्हणाले, "काकाजी, उंदरं खातील." म्हटलं, "खाऊ दे." दिवाळी आली, नवं धान आलं, ढोली तशीच.  पोरगी रोज झाडताना ढोलीभोवतीची जागा मात्र जास्त वेळ झाडायची.

आता पोरीचं सांगतो. एकुलती एक. साकोलीला कॉलेज करून तिनं लाखनीत हायवेच्या कडेला ऑनलाइन सेंटर टाकलं. सातबारा काढायचा, पीकविम्याचा फॉर्म भरायचा, रेल्वेचं तिकीट, आधारची दुरुस्ती, सगळं तिथं. ट्रक गेला की दुकानाची काच थरथरते. बायको गेल्यावर मला घरात बसवेना, म्हणून मी रोज सकाळी पोरीच्या गाडीवर मागं बसून तिच्या दुकानात जायचो आणि दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचो. येणारा-जाणारा मला पाहून म्हणायचा, "काय काकाजी, राखण करून राहिले का?" म्हणायचो, "हो ना. पोरगी चोरून नेईन कोणी."

तिथं एक गिरणीवाला यायचा. तो बाहेरदेशी तांदूळ पाठवायचा, म्हणून त्याला डॉलरच्या भावाची काळजी. तो पोरीला रोज भाव विचारायचा. रोज पाहता पाहता पोरीला त्या भावाचाच नाद लागला. बाजारात डॉलरचे सौदे होतात, घरबसल्या मोबाइलवर घेता येतात, विकता येतात. एका सौद्याला लॉट म्हणतात, त्यात हजार डॉलर असतात. सगळे पैसे भरावे लागत नाहीत, थोडी रक्कम अडकवून ठेवायची. डॉलर एक पैशानं हलला की एका लॉटमागं दहा रुपये इकडचे तिकडं होतात. वर्षभर तिनं नुसतं पाहिलं, एक रुपया लावला नाही. ही गोष्ट मला तेव्हाच आवडली होती. मी पहिल्याच दिवशी लावला असता.

थंडीत एका सकाळी ती म्हणाली, "बाबा, आज घेतला."

"काय घेतला?"

"डॉलर. त्र्याऐंशी रुपये चाळीस पैशानं. पाच लॉट."

मी खुर्ची तिच्या टेबलाजवळ ओढली. धान असो की डॉलर, घेणं म्हटलं की माझे कान उभे राहतात. म्हटलं, "अन् पडला तं?"

"पडला तं अजून घेईन. वीस पैसे खाली पाच लॉट, अजून वीस पैसे खाली पाच लॉट."

"अन् त्याच्यावर पडला तं?"

"विकून टाकीन सगळं."

"आ? पडत्या भावात विकशीन? पाच-पाच लॉटच काहून? कोणी सांगतलं?"

तिनं झेरॉक्सचा एक वाया गेलेला कागद उलटा केला आणि मला हिशेब मांडून दाखवला. मला तो अजून पाठ आहे.

"बाबा, पहिले शेवट लिवायचा," ती म्हणाली. "म्या जास्तीत जास्त किती गमावू शकते? सहा हजार. त्याच्यावर एक रुपया नाई. हे झालं पहिलं. दुसरं, डॉलर कुठं आला म्हणजे माझा अंदाज चुकला? ब्याऐंशी ऐंशी. तिथं सगळं विकायचं. आता प्रत्येक सौद्यापासून तिथपर्यंत मोजा. पहिला सौदा त्र्याऐंशी चाळीसचा. तिथून ब्याऐंशी ऐंशीपर्यंत साठ पैसे. म्हणजे एका लॉटमागं सहाशे रुपये जातील. दुसरा त्र्याऐंशी वीसचा, चाळीस पैसे, चारशे. तिसरा त्र्याऐंशीचा, वीस पैसे, दोनशे. सहाशे, चारशे, दोनशे, झाले किती?"

"बाराशे."

"सहा हजारात बाराशे किती वेळा?"

"पाच."

"म्हणून पाच-पाच लॉट."

मी बोटांवर पुन्हा केला. बरोबर आला. तीस-चाळीस वर्षं मी पडतं धान घेत आलो, पण आधी घाटा ठरवून मग खरेदी ठरवायची, हे मी कधी केलं नव्हतं. मी कायम उलटा जायचो, आधी घ्यायचो आणि मग बसायचो देवाला हाका मारत. पण मी हार मानणारा नव्हतो.

"दुप्पट काहून नाई घेत? पाच, मंग दहा, मंग वीस. सरासरी पाय किती खाली येते!"

तिनं तोही हिशेब केला. "तुमची सरासरी येते त्र्याऐंशी अकराच्या आसपास. माझी त्र्याऐंशी वीस."

"हे पाय! अकरा पैसे चढला का मी मोकळा. तुले वीस पाह्यजे."

"हो. अन् नाई चढला तं? तुमच्याजवळ पस्तीस लॉट. एका पैशाले साडेतीनशे रुपये. माझे पंधरा, एका पैशाले दीडशे. ऐंशीले तुमचे अकरा हजार जातात, बाबा. अन् तुमी ऐंशीले थांबणार का?"

मी नाही थांबणार, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. सातबारा काढायला आलेला एक शेतकरी हे सगळं ऐकत उभा होता. तो म्हणाला, "काकाजी, यंदा डॉलरचं पीक कसं काय हाय?"

"बरं हाय," मी म्हटलं. "पान्याची वाट पाहून राहिलो."

चार दिवसांनी डॉलर त्र्याऐंशी वीसला आला. तिनं पाच घेतले, पाण्याचा ग्लास प्यायली आणि कुणाचा तरी पीकविम्याचा फॉर्म भरायला बसली. पुढच्या आठवड्यात बरोबर त्र्याऐंशी झाला. पुन्हा पाच. आता पंधरा लॉट झाले, तिची खरेदी संपली. आणि डॉलर खालीच जाऊ लागला. ब्याऐंशी पंच्याण्णव. ब्याऐंशी नव्वद.

मला राहवेना. मी धानाचा माणूस. माझ्या लेखी पडलेला भाव हा चढणारच, फक्त आखाडीपर्यंत दम धरायचा. डॉलरला आखाडी नसते, तो कोणत्या महिन्यात निघतो आणि कोणत्या महिन्यात संपतो असं काही नसतं, हे पोरगी सांगायची. मी ऐकायचो, पण आतून पटत नव्हतं. मला दिसत होता तो फक्त पडलेला भाव.

"अजून घे," मी म्हटलं.

"नाई."

"पैसे नाई म्हणून ना? मी देतो. ढोली विकतो."

तिनं कीबोर्डवरचे हात उचलले. "आईची ढोली?"

"तुही मायच म्हणे, आखाडीत विका म्हणून. मी ठेवली, चुकलं. आता त्याच्यात जुनं धान हाय, जुन्या धानाले भाव हाय. विकतो अन् तुह्या खात्यात टाकतो. दहा लॉट अजून घे, सरासरी खाली येईन, जरासा चढला का आपण सुटलो."

"बाबा, नोको. माझं ठरलं आहे ते ठरलं आहे."

"तू लहान हायस अजून."

"लहान आहे म्हणूनच सहा हजार ठरवले. मोठी असती तं साठ ठरवले असते."

मी रागानं उठून बाहेर हायवेवर जाऊन उभा राहिलो. तिथूनच मी एका गिरणीच्या दलालाला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन यायला सांगितलं. पोरीला काही बोललो नाही.

सकाळी गुडघा दुखतो असं सांगून मी घरी राहिलो. पोरगी गाडी काढून गेली. दहाच्या सुमाराला दलाल आला. छोटा टेम्पो, दोन हमाल, रिकामी पोती. तो मागच्या खोलीत शिरला आणि ढोलीच्या अंगावर थाप मारून म्हणाला, "बाप्पा, पूरी भरून हाय. काकूनं भरली होती का?"

"हो."

"तरीच. पट्टे पाह्यनं कसे सरळ हायेत."

चुन्याचे पट्टे पिवळे पडले होते, पण होते. मी विळा घेतला आणि तोंडापाशी खाली बसलो. गुडघा खरंच दुखू लागला. चिखल दगडासारखा वाळलेला. त्यावर तिची चार बोटं. मी विळ्याचं टोक कडेला लावलं. हमाल पोतं पसरून माझ्या मागं उभा होता. "मारा ना, काकाजी," तो म्हणाला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पोरगी होती.

"बाबा, ऐंशी लागला. काढले सगळे. पंधराही."

मी ओरडलोच. "अवं, अर्धा घंटा थांबली असती! पैसे येऊन राहिले होते! गाडी दारात हाय!"

"माहीत आहे. तुमी कालच हायवेवर उभे राहून दलालाशी बोलत होते, दुकानात पूरं ऐकू येत होतं."

"मंग?"

"मंग काय. ढोली फोडली का?"

मी चिखलावरच्या त्या चार बोटांकडं पाहिलं.

"बाबा, फोडली का?"

"नाई अजून."

"फोडू नोका. मले पैसे नाई पाह्यजेत. डॉलर पडला म्हणून माझे सहा हजार मोठे होतात का?"

विळा माझ्या हातात तसाच राहिला.  आवाज तिचाच होता, पण बोलणं मी आधी ऐकलं होतं, याच घरात, त्या दारात, पाळण्याला झोका देता देता. तेव्हा ही पोरगी अंगठा चोखत होती. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं.

फोन ठेवला. दलाल विचारू लागला, "काय झालं?"

"घाटा झाला," मी म्हटलं.

"अरे! किती?"

"जितका ठरला होता तितका."

त्याला काही कळलं नाही. मी उठलो, गुडघा झटकला आणि त्याला सांगितलं की धान विकायचं नाही. तो चिडला. "मंग मले कायले बोलावलं जी? टेम्पोचं भाडं, या दोघांची मजुरी?"

मी सदऱ्याच्या खिशातून पैसे काढून त्याला दिले. हमालांना चहा पाजला. जाताना एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, "बुढा सटकला." मी ऐकलं आणि मला बरं वाटलं. का ते विचारू नका, लई दिवसांनी बरं वाटलं.

मग मी ढोलीसमोर बसलो. गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, गळ्याचा पट्टा. पाच, पाच, पाच. आणि वरची जागा, जिथं व्यापार शिरायचा नाही. एवढी वर्षं हे माझ्या घरात उभं होतं आणि मी त्याला धान ठेवायची वस्तू समजत होतो. बायकोशी मी त्या दिवशी मोठ्यानं बोललो. काय बोललो ते लिहिणार नाही. पण शेवटी तिला म्हटलं, "पाह्य, पोरगी तुह्यावर गेली. माह्यावर गेली असती तं आज घर गेलं असतं."

संध्याकाळी पोरगी आली. चपला काढल्या, हात न धुता सरळ मागच्या खोलीत गेली आणि वाकून ढोलीचं तोंड पाहिलं. विळ्याच्या टोकानं कडेला एक टवका उडाला होता. बोटं शाबूत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "काय जेवायले केलं?"

"काही नाई केलं."

"मंग खिचडी टाकते. सहा हजार गेले, भूक लागली."

ती पोटभर जेवली. माझ्यासारखा माणूस घाट्याच्या दिवशी ताट लाथाडतो. ती दोनदा वाढून घेऊन जेवली. त्या ताटाकडं पाहूनच मी ठरवलं की उद्या पेढे आणायचे.

पेढे वाटले तो दिवस संपला आणि दोन दिवसांनी डॉलर परत चढला. लिहायचं तर खरं लिहायला पाहिजे. तो आठवड्याभरात त्र्याऐंशीच्या वर गेला, त्र्याऐंशी वीसच्याही वर गेला. पोरगी थांबली असती तर सुटली असती, दोन पैसे मिळालेही असते. आणि मी म्हटल्याप्रमाणं ढोली विकून दहा लॉट घेतले असते तर चांगलाच नफा झाला असता. ही बातमी त्या सातबारावाल्या शेतकऱ्यानं चहाच्या टपरीवर नेली. मी तिथं गेलो तर सगळे वाटच पाहत होते.

"काकाजी, तुमचंच बरोबर निघालं ना जी! पेढे परत घ्या आता."

"पोरीले सांगा, बापाचं ऐकत जा म्हणा."

"आमच्या पोटातले पेढे तं गेले, बाप्पा."

मी चहा संपेपर्यंत हसू दिलं. मग म्हटलं, "मायं बरोबर निघालं, हेच वाईट झालं. पोरीनं ऐकलं असतं तं मी आज इथं छाती फुगवून बसलो असतो, अन् पुढच्या वेळी दुप्पट लावाले सांगितलं असतं, अन् त्याच्या पुढच्या वेळी घर. आंधळगावकडचा तो मोठा व्यापारी आठवते का? त्याचंही पहिल्या वर्षी बरोबरच निघालं होतं."

त्यातल्या दोघा-तिघांनी त्याला उधारीत धान विकलं होतं, ते पैसे बुडालेच. ते चहाच्या पेल्यात पाहू लागले. टपरीवाला म्हणाला, "तरी पन काकाजी, सहा हजार म्हंजे सहा हजार."

"हो," मी म्हटलं, "अन् सहा हजार एक नाई." दलाली-बिलाली वरून थोडी कटली असेल, ते मी सांगत बसलो नाही.

पोरीला डॉलर चढल्याचं वाईट वाटलं का, हे मी तिला गाडीवर मागं बसून विचारलं. वाऱ्यात तिचं उत्तर अर्धंच ऐकू आलं. "वाईट वाटलं ना. पण चूक नाई वाटली." हे वाक्य मी नंतर बऱ्याच जणांना ऐकवलं, आणि ते माझंच असल्यासारखं ऐकवलं.

तिनं त्यानंतर आणखी काही महिने असे सौदे केले. कधी नफा झाला, कधी पुन्हा घाटा, पण प्रत्येक वेळी आधी शेवट लिहिला. पुढं नियम बदलले, ज्याचा बाहेरदेशी खराच व्यवहार आहे त्यानंच हे करावं असं झालं, तर तिनं हिशेब करून खातं रिकामं केलं आणि सोडून दिलं. हळहळली नाही. ढोली रिकामी झाली की लिंपायला घ्यायची, तसंच.

या सगळ्याच्या मध्येच, होळीच्या आधी बायकोचं वर्षश्राद्ध आलं. आदल्या आठवड्यात मी पोरीला हाक मारली आणि दोघं मागच्या खोलीत गेलो. मी विळा तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "तुमी." मी म्हटलं, "तू." शेवटी तिनंच फोडलं. चिखलाचा तो चार बोटांचा तुकडा अख्खा निघाला, तो तिनं देव्हाऱ्यात ठेवला.  धान खाली सांडलं. उंदरानं थोडं खाल्लं होतं, पण थोडंच. गिरणीतून भरडून आणलं तर जुना तांदूळ, शिजला की एकेक शीत वेगळं. गावजेवण घातलं. टपरीवरचे सगळे आले, तो दलालही आला. तो दुसऱ्यांदा भात घेताना म्हणाला, "काकाजी, हाच माल त्या दिवशी पोत्यात भरून नेऊन राहिलो होतो का मी?"

"हाच," मी म्हटलं. "खा. त्या दिवशीचं भाडंही तुलेच देल्लं हाय मी."

पंगत हसली. पोरगी वाढत होती, तीही हसली. हसताना ती आईसारखी दिसते हे मला आधी माहीत नव्हतं.

आता ढोलीत धान दुसऱ्या पट्ट्याच्या खाली गेलं आहे. आखाडीपर्यंत आम्ही खाऊन, विकून ती रिकामी करणार. दिवाळीला पोरगी लिंपणार आहे. चुना आणून ठेवला आहे. पट्टे कुणाच्या गुडघ्याएवढे ओढायचे यावरून आमचं वाजलं, कारण ती आईपेक्षा उंच आहे. ती म्हणाली, आईएवढेच. भाव पडला की मी पुन्हा सायकल काढतो, काटा अजून चालतो.

परवा ती म्हणाली, "बाबा, यंदा किती घेणार?"

म्हटलं, "भाव पाहून."

तिनं माझ्याकडं पाहिलं, नुसतं पाहिलं.

म्हटलं, "बरं बाई. पट्टे पाहून."